मर्विन टेबर आणि अडकलेली नळी

मर्विन टेबर या सद्गृहस्थाच्या आयुष्यात जी वादळे आली, त्यांपैकी बहुतेक त्याने स्वतः घरी बोलावून, खुर्ची देऊन बसवली होती, हे प्रारंभीच नमूद करणे इष्ट होय. ओझार्कच्या डोंगरातील पायनी फोर्क या गावी त्याची विम्याची कचेरी होती. कोणाच्या छपरावर ओक कोसळेल, कोणाच्या मोटारीवर हरीण आदळेल, याच चिंतनात त्याचे दिवस जात. परंतु अंगठ्याहून किंचित जाड आणि करंगळीएवढ्या लांबीची एक पोलादी नळी आपल्या अब्रूवर येऊन आदळेल, या आपत्तीची तरतूद त्याच्या कोणत्याही पॉलिसीत नव्हती.

ती नळी त्याला सासऱ्यांनी दिली. ईस्टरचे जेवण आटोपले होते. टेबलावर डुकराच्या मांसाचे हाड तेवढे उरले होते आणि मर्विनची पत्नी ज्युडिथ आईबरोबर स्वयंपाकघरात भांडी विसळीत होती. थर्मन गिलियम, म्हणजे सासरे, खुर्चीत मागे रेलले, शर्टाच्या खिशातून ती वस्तू काढली आणि न्यायाधीशाने पुरावा ठेवावा तशी मर्विनच्या ताटाशेजारी ठेवली.

"टेबर, काय आहे हे?"

मर्विनच्या लग्नाला वीसेक वर्षे झाली होती. या दीर्घ काळात सासऱ्यांनी त्याला 'टेबर' या आडनावापलीकडे हाक मारली नव्हती, आणि त्यानेही त्यांना 'मिस्टर गिलियम' या पायरीवरून खाली उतरवले नव्हते. टपाल वाटणारा मनुष्यसुद्धा म्हाताऱ्याला नुसते 'थर्मन' म्हणे. जावयाला मात्र ती सवलत मिळाली नव्हती.

"चोकनळी आहे, मिस्टर गिलियम. टर्कीच्या शिकारीची," मर्विन म्हणाला.

इतके त्या डोंगरातील पाळण्यातल्या पोरालाही समजते. छर्ऱ्याच्या बंदुकीच्या तोंडात ही नळी आतून फिरवून बसवतात. तिच्यायोगे तोंड आवळले जाते आणि छर्रे न पांगता जुडीने जातात. रानटर्कीचा नर मोठा संशयी प्राणी असल्याने त्याची चिंचोळी मान तेवढी टिपावयाची असते. म्हणून टर्कीची नळी सगळ्यांत आवळ. अडचण अशी की प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे, आणि एकाची नळी दुसऱ्याच्या बंदुकीत सुखाने नांदत नाही.

"ते मलाही दिसतंय," सासरे म्हणाले. "कुठल्या बंदुकीची, ते सांग. माझा भाऊ गुडघा कापून घेऊन बसलाय. हंगामाच्या पहिल्या सकाळी मोठ्या ओकखाली माझ्याशेजारची जागा मोकळी आहे. तोवर ओळखलीस तर तुझी. नाही ओळखलीस तर दरसालासारखा बायकांना घेऊन चर्चमध्ये खुर्च्या मांडायला जा."

येथे मर्विनचे काळीज का हलले, हे वाचकाला सांगितलेच पाहिजे. शिकारीचा हंगाम उघडतो त्या दिवशी गिलियमांचे सारे पुरुष पहाटे रानात जात आणि दहाच्या सुमारास चर्चच्या तळघरात न्याहारीला जमत. तेथे मर्विन दरवर्षी कॉफीच्या पिंपापाशी उभा राहून परतलेल्या वीरांचे पेले भरी. त्याच्यापाशी बंदूक होती, परवाना होता, झाडीच्या रंगाचे कपडेही होते. नव्हती ती ओकखालची जागा.

"ओळखतो की," मर्विन म्हणाला. "त्यात काय विशेष."

हे वाक्य त्याने का उच्चारले, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर त्या जिल्ह्याच्या रीतीत आहे. तेथील पुरुष चर्चला दांडी मारल्याचे कबूल करील, प्रसंगी रडेलसुद्धा. परंतु बंदुकीच्या बाबतीत 'मला ठाऊक नाही' हे शब्द त्या खोऱ्यात कोणाच्याही तोंडून निघाल्याचे स्मरणात नाही. मर्विन जन्माने शेजारच्या जिल्ह्यातला असला, तरी ही रीत त्याच्या अंगी पुरती मुरली होती.

दुसऱ्याच दिवशी तो रेक्स बोमनच्या दुकानात गेला. रेक्सकडे गळाला लावायची गांडुळे, काडतुसे आणि मते या तिन्ही वस्तू मुबलक मिळत. नळीवरचा छाप झिजून गुळगुळीत झाला होता. वरच्या कडेला किल्ली अडकवण्यासाठी चार खाचा तेवढ्या शिल्लक होत्या.

"ही? ही मी डोळे झाकून सांगेन," रेक्स म्हणाला, आणि त्याने खरोखरच डोळे झाकले. "तुझ्याच बंदुकीच्या कंपनीची. जुना माल. आता असं पोलाद येत नाही."

"काहीतरीच," गांडुळांच्या पेटीवर बसलेला एक गृहस्थ म्हणाला. "ही इटलीची. खाचा बघ."

"इटली तुझ्या आजीची," दुसऱ्या पेटीवरचा म्हणाला. "माझ्या मेव्हण्याच्या बंदुकीला हीच होती. त्याची बंदूक ओहायोची."

मग तिघांनीही एकदम आवाज खाली आणला आणि रेक्स पुढे झुकला. "पण काय रे मर्विन, आत्ताच नळी कशाला शोधतोयस? नर कुठं हेरून ठेवलायस ते सांग ना. मी कोणाला बोलणार नाही."

"कुठंच नाही."

"म्हणजे मोठाच दिसतोय," रेक्स म्हणाला, आणि तिघांनी गंभीरपणे माना हलवल्या.

मर्विन घरी आला. रेक्सच्या बंद डोळ्यांवर विश्वास ठेवून त्याने आपली रिकामी बंदूक गॅरेजातल्या बाकावर ठेवली आणि नळी फिरवली. पहिला फेरा इतक्या लोण्यासारखा फिरला की त्याला ओकची सावली अंगावर आल्याचा भास झाला. दुसरा फेरा जरा कुरकुरला. तिसऱ्यावर 'कट्' असा आवाज झाला आणि नळी निम्मी आत, निम्मी बाहेर अशी थांबली. पुढे जाईना, मागे येईना. विवाहित पुरुषाची पुष्कळदा अशीच अवस्था होते, असे त्यास वाटून गेले. पण ज्युडिथ दारातच उभी असल्याने तो विचार त्याने तेथेच आवरला.

"काय झालं?"

"काही नाही. बसवून बघतोय."

"बसली का?"

"बसली म्हणजे... बसलीय."

कुंपणापलीकडे एल्मर हॉब्ज राहत असे. निवृत्त झाल्यापासून शेजाऱ्यांच्या अडचणी हाच त्याचा उद्योग होता. बंदुकीच्या तोंडातून बाहेर डोकावणारी नळी त्याने पाहिली आणि त्याच्या मुद्रेवर जे समाधान पसरले, ते पाहून मर्विनला प्रथमच खरी भीती वाटली.

"गंजाचं तेल सोड," एल्मर म्हणाला. "रात्रभर उभी ठेव."

मर्विनने तेल सोडले. ते सकाळी नळी सोडून इतर सर्वत्र पोहोचले होते; विशेषतः ज्युडिथच्या चर्चला जायच्या बुटांत.

"मग गरम पाणी," एल्मर म्हणाला. "पोलाद फुगतं."

"पण दोन्ही पोलाद आहेत, एल्मर. दोन्ही फुगतील."

"एक जुनं आहे. जुनं कमी फुगतं."

या शास्त्रानुसार मर्विनने पाणी उकळले. उकळत्या पाण्याने त्याचे बोट भाजले आणि नळी होती तेथेच राहिली. मग एल्मरने चिमट्याने पकडून पिळण्याचा प्रयोग केला. त्यात चिमट्याचा दात तुटला आणि चिमटा मर्विनचाच असल्याचे निष्पन्न झाले.

अखेरीस मर्विनने सुशिक्षित मनुष्यास शोभणारा मार्ग पत्करला आणि आपल्या बंदुकीच्या कंपनीला दूरध्वनी लावला. बराच वेळ बासरी ऐकल्यावर एक मृदुभाषी बाई आली.

"नळीवरचा क्रमांक सांगाल का, सर?"

"झिजलाय."

"क्रमांकाशिवाय तक्रार नोंदवता येत नाही, सर. नळी आमच्याकडे पाठवून द्या, आम्ही ओळखून देऊ."

"नळी बंदुकीत अडकलीय."

"मग बंदूक पाठवा. पण ती साध्या टपालाने चालणार नाही. तुमच्या गावच्या परवानाधारक दुकानदारामार्फतच यायला हवी."

पायनी फोर्कचा एकमेव परवानाधारक दुकानदार रेक्स बोमन होता. त्याच्याकडे बंदूक नेणे म्हणजे त्याचे बंद डोळे चुकले होते, असे त्याच्या तोंडावर सांगणे. आणि मग मर्विनची नळी अडकली ही वार्ता सासऱ्यांच्या कानी न्याहारीआधी पोहोचणे. मर्विनने बाईंचे आभार मानले.

त्याने वनखात्याच्या कचेरीतही विचारून पाहिले. तेथील तरुण अधिकाऱ्याने अत्यंत आदराने सांगितले की खात्याचा अधिकार टर्कीवर चालतो, नळीवर नाही. नळीला पिसे असती तर गोष्ट वेगळी. "तरीपण," तो हळूच म्हणाला, "तुम्ही नर कुठं हेरलाय म्हणे?"

दरम्यान गावात एक निराळेच संकट उद्भवले होते, आणि त्याचा आपल्याशी काही संबंध असेल, असे मर्विनच्या स्वप्नातही नव्हते. सासूबाई ओलेटा गिलियम यांचे डोनट सबंध जिल्ह्यात नावाजलेले होते. मध्ये नीटस भोक, आणि भोकाच्या कडेला चार इवल्याशा पाकळ्या. ते पाहूनच लोक 'ओलेटाचा' म्हणून ओळखत. चर्चमधल्या बायकांनी त्या पाकळ्यांची नक्कल करण्याचे वर्षानुवर्षे प्रयत्न केले आणि हात टेकले. परंतु ईस्टरपासून ओलेटाबाईंचे डोनट बिनभोकाचे येऊ लागले. मध्ये कच्चे राहत. पास्टरसाहेबांनी एक खाल्ला आणि प्रार्थना आटोपती घेतली.

"ममाला विचारलं, काय झालं," ज्युडिथ म्हणाली. "ती म्हणते, माझं भोक पाडायचं कोणीतरी नेलंय. भयंकर चिडलीय. हंगामाच्या न्याहारीला असे गोळे वाढायचे का म्हणते."

"अरेरे," मर्विन म्हणाला, परंतु त्याचे चित्त बंदुकीत होते. हंगाम सोमवारी उघडावयाचा होता आणि शनिवार उजाडला होता.

त्या दिवशी एल्मर कुंपणावर कोपरे टेकून म्हणाला, "आता एकच राहिलं. गोठव."

"बंदूक?"

"थंडीनं आक्रसते. मोठ्या फ्रीजरमध्ये दोन तास ठेव, मग बघ कशी फिरते."

टेबर दांपत्याच्या गॅरेजात शवपेटीएवढा फ्रीजर होता. त्यात हरणाचे मांस, मका आणि ओलेटाबाईंनी ईस्टरपूर्वी दिलेल्या डोनटांच्या पिशव्या होत्या. मर्विनने बंदूक तिरपी करून तोंडाकडून आत सारली. दोन तासांनी त्याने ती ओढून काढली, तेव्हा बंदुकीच्या तोंडावर, अंगठीत बोट जावे तसा, एक डोनट बसला होता.

तो ओढून निघेना. नळी जितकी हट्टी, तितकाच तो हट्टी. त्याच क्षणी ज्युडिथ मका घ्यायला गॅरेजात आली. तिने पतीकडे पाहिले, बंदुकीकडे पाहिले, डोनटाकडे पाहिले.

"हे काय करतोयस, ते मी विचारणार नाही," ती म्हणाली. "पण तो ममाचा डोनट आहे. ईस्टरच्या आधीचा. पाकळ्या बघ."

मर्विनने पाकळ्या पाहिल्या. चार होत्या. त्याने नळीच्या कडेच्या खाचा पाहिल्या. त्याही चार होत्या. आणि प्रत्येक पाकळी आपापल्या खाचेत, चर्चमध्ये आपापल्या बाकावर बसलेल्या कुटुंबासारखी, निमूट बसली होती.

मर्विनने बंदूक बाकावर आडवी ठेवली.

"ज्युडिथ," तो शेवटी म्हणाला, "तुझे डॅडी ईस्टरला स्वयंपाकघरात गेले होते?"

"पेचकस शोधायला गेले होते. ममाचा खण उघडताना मी त्यांना जन्मात पहिल्यांदा पाहिलं."

रविवारी चर्चनंतर मर्विन बंदूक घेऊन सासुरवाडीला गेला. स्वयंपाकघराच्या टेबलावर सोमवारच्या न्याहारीसाठी कणकेची मोठी पोळी लाटून पसरली होती आणि ओलेटाबाई तिच्याकडे शत्रूकडे पाहावे तशा पाहत होत्या. थर्मन खुर्चीत वर्तमानपत्र धरून बसले होते. त्यांनी ते खाली केले.

"बोल, टेबर. कुठल्या बंदुकीची?"

मर्विनने बंदूक टेबलाशी उभी धरली. आता 'इटली' म्हणता आले असते, 'ओहायो' म्हणता आले असते, आणि कोणीही ते खोटे ठरवू शकले नसते. परंतु त्याचे बोट भाजलेले होते, चिमट्याचा दात तुटलेला होता, बायकोच्या बुटांना तेलाचा वास येत होता. इतके सोसल्यावर मनुष्याला खोटे बोलण्याचाही कंटाळा येतो.

"मला ठाऊक नाही," तो म्हणाला.

चुलीवर ओलेटाबाईंच्या किटलीने निर्लज्ज सुस्कारा टाकला.

"पण कोणाची, ते ठाऊक आहे," मर्विन पुढे म्हणाला, आणि त्याने बंदुकीचे तोंड सासूबाईंकडे केले. अर्थात बंदूक रिकामी, उघडी आणि वर डोनट असलेली.

ओलेटाबाईंनी चष्मा सारखा केला. "माझं भोक पाडायचं," त्या म्हणाल्या. "मेलं तुझ्या बंदुकीत कसं गेलं? थर्मन, तू माझ्या खणात हात घातलास?"

"पेचकस बघत होतो."

"खणात कशाला ठेवीन पेचकस? ते माझं आहे. माझ्या सासूबाईंनी दिलं. त्यांनाही कुठं सापडलं देव जाणे."

"मग कुठल्या बंदुकीचं, ते डॅडींना ठाऊक असेल," ज्युडिथ शांतपणे म्हणाली. "परीक्षा त्यांनीच घेतली ना. सांगा ना डॅडी, उत्तर काय होतं?"

थर्मन गिलियम खिडकीबाहेर पाहू लागले. तेथे त्यांचे कुंपण होते आणि कुंपणावर एक चिमणी होती. ते त्या चिमणीचा पुष्कळ वेळ अभ्यास करीत राहिले. त्यांच्या मानेचा रंग हळूहळू नर टर्कीच्या मानेसारखा लाल होत गेला.

"उद्या हवा चांगली दिसतेय," ते म्हणाले.

"थर्मन," ओलेटाबाई म्हणाल्या, "या पोराला तू दोन आठवडे जे विचारत होतास, ते तुलाच येत नव्हतं?"

"पहाटे तयार राहा, टेबर," थर्मन चिमणीला उद्देशून म्हणाले. "उशीर केलास तर थांबणार नाही."

परंतु नळी अजून अडकलेलीच होती, आणि कणीक फुगत चालली होती. ओलेटाबाईंनी क्षणभर विचार केला. मग त्यांनी बंदुकीच्या तोंडावरचा डोनट मोडून काढला, किटलीतले उकळते पाणी त्या तोंडावर ओतले, ते फडक्याने पुन्हा पुन्हा पुसले आणि टेबलाकडे बोट दाखवले.

"उभा राहा. तोंड खाली. दाब."

थर्मनने बंदूक आधी स्वतः उघडून पाहिली, प्रकाशाकडे धरून पाहिली, पुन्हा उघडून पाहिली, आणि शिकारीचे पहिले शास्त्र स्वयंपाकघरातही लागू असल्याचे जाहीर केले. मग मर्विनने टेबलाशी ताठ उभे राहून, दस्ता काखेत धरून, पोळीत पहिले भोक पाडले. चार पाकळ्या स्वच्छ उमटल्या. ओलेटाबाईंच्या डोळ्यांत पाणी आले. त्या म्हणाल्या, कांद्याचे असेल, पण कांदा घरात नव्हता. ती बंदूक मर्विनने हौसेने घेतली होती आणि आजवर तिच्याने एकही पक्षी पडला नव्हता. त्या दुपारी तिने गावभराची न्याहारी पाडली.

सोमवारी पहाटे मर्विन मोठ्या ओकखाली बसला. बंदुकीच्या नळीत कणीक असल्याने तो निःशस्त्र होता. मांडीवर डोनटांची कागदी पिशवी होती. थर्मन शेजारी होते. झाडीत डॉगवुडची पांढरी फुले अंधुक दिसू लागली. थर्मनने तोंडात धरलेल्या शिट्टीच्या पातळ पडद्यावर टर्कीच्या मादीचा आवाज काढला आणि दूर खोऱ्यातून नराने उत्तर दिले. पुन्हा हाक, पुन्हा उत्तर, अधिक जवळ. मग बराच वेळ काहीच नाही. शिकारीतील हा काळ मनुष्याच्या सहनशक्तीचा अंत पाहणारा असतो. थर्मनने तोंडातला पडदा काढून खिशात ठेवला आणि हात लांब केला. मर्विनने त्या हातावर डोनट ठेवला.

त्याच वेळी नर समोरच्या उंचवट्यावर आला. शेपटीचा पंखा उघडून, छाती काढून, तो एखाद्या सभापतीसारखा उभा राहिला. थर्मन गिलियम यांच्या तोंडात अर्धा डोनट होता आणि उरलेला अर्धा उजव्या हातात. त्यांनी डोनटासकट बंदूक उचलली आणि बार काढला.

पाने पडली, फांदी पडली, साखरेची भुकटी पडली. नर मात्र पडला नाही. तो काहीसा अपमानित होऊन खोऱ्यात निघून गेला.

तोंडातला डोनट संपवून थर्मन म्हणाले, "वारा होता."

एकही पान हलत नव्हते. "हो, मिस्टर गिलियम," मर्विन म्हणाला.

त्या गावची आणखी एक रीत आहे. ज्याचा नेम चुकला, त्याच्या शर्टाचे मागचे शेपूट न्याहारीच्या वेळी सर्वांदेखत कापतात आणि तळघराच्या भिंतीवर नावानिशी ठोकतात. त्या भिंतीवर पायनी फोर्कच्या बहुतेक कुळांच्या शर्टांची शेपटे होती. थर्मन गिलियम यांचे नव्हते. कधीच नव्हते.

तळघर भरले होते. पाकळ्यांचे डोनट ताटांतून रचले होते आणि लोक ते उजेडाकडे धरून पाहत होते. रेक्स बोमन हातात कात्री घेऊन उभा राहिला.

"गिलियमांच्या खोऱ्यात एक बार झाला," तो म्हणाला. "सगळ्यांनी ऐकला. पक्षी कुठं दिसत नाही. काय थर्मन?"

थर्मनने कॉफीचा पेला तोंडाला लावला आणि तो तेथेच धरला. पेला रिकामा होता, हे मर्विनला दिसत होते. वीस वर्षे तेच तर त्याचे काम होते.

"म्हातारा बोलत नाही," रेक्स म्हणाला. "मर्विन, तू शेजारीच होतास. चुकवला ना?"

सगळे तळघर मर्विनकडे वळले. या गावात त्याच्याकडे असे एकजुटीने कोणी कधी पाहिले नव्हते. एक शब्द बोलला असता तर तो भिंतीवरच्या शेपटाइतकाच गावाच्या स्मरणात राहिला असता.

"मला ठाऊक नाही," मर्विन म्हणाला.

"काय ठाऊक नाही?" गांडुळांच्या पेटीवरचा गृहस्थ ओरडला. "तू तिथं होतास ना?"

"होतो. पण बंदुकीतलं मला काही ठाऊक नाही. पाहिजे तर ह्यांना विचारा," तो सासूबाईंकडे वळून म्हणाला. "साधी नळीसुद्धा मला ओळखता आली नाही."

ओलेटाबाईंनी मान डोलावली. "डोनट कापायला मात्र चांगला आहे," त्या म्हणाल्या. रेक्सने कात्री पाहिली, थर्मनचा शर्ट पाहिला. साक्षीदाराविना शेपूट कापणे हे नियमांत बसत नव्हते. त्याने मोठ्या दुःखाने कात्री खिशात घातली, आणि त्याच खिशातून बोटे काढताना मर्विनला हळूच विचारले, की या नळीच्या कंपनीचे नाव आपण सांगितले होते तेच निघाले ना.

गर्दी पांगली. मर्विन सवयीने कॉफीच्या पिंपाकडे निघाला, तोच त्याची बाही कोणीतरी ओढली. थर्मनने शेजारची खुर्ची पायाने सरकवली, उठून स्वतः दोन पेले भरून आणले आणि एक त्याच्यासमोर ठेवला. मग डोनटांचे ताट पुढे ढकलले.

"खा," ते म्हणाले. मर्विनने मोठा घास घेतला. म्हाताऱ्याने भिंतीवरच्या मोकळ्या खिळ्याकडे पाहिले आणि घसा खाकरला. "आणि हे बघ, मर्विन. ते मिस्टर गिलियम, मिस्टर गिलियम पुरे झालं आता. थर्मन म्हणत जा."

वीस वर्षे ज्या क्षणाची वाट पाहिली, तो असा समोर येऊन उभा राहिला, आणि मर्विन टेबरच्या तोंडात एका वेळी न मावणारा डोनट होता. त्याने काहीतरी उच्चारले. ते 'थर्मन' होते, असे त्याचे म्हणणे आहे. सासऱ्यांच्या शर्टाच्या पुढच्या बाजूवर मात्र साखरच उडाली. आणि म्हाताऱ्याने ती झटकली नाही.